नादाचे हौशी राखणदार

मराठींत ‘हौशी’ हा शब्द थोडा कमी लेखून वापरला जातो. नाटक हौशी मंडळींचें आहे असें म्हटलें कीं तें यथातथाच होणार, असा प्रेक्षक आधींच ग्रह करून घेतो. आणि गवई हौशी आहे असें कळलें कीं ऐकणारा मनांतल्या मनांत त्याचे चार गुण कापून ठेवतो. ज्याचें पोट कलेवर चालत नाहीं त्याचें त्या कलेंत लक्ष तें कितपत असणार, असा या समजुतीचा गर्भितार्थ असतो. संगीताचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो. जगांतील मोठमोठ्या संग्रहालयांत जीं जुनीं वाद्यें आज सुरक्षित आहेत, त्यांपैकीं पुष्कळ प्रथम कोणा हौशी माणसाच्या घरीं गोळा झालीं होतीं. त्याचप्रमाणें, व्यापारी कंपन्यांनीं जे आवाज टिपले नाहींत त्यांपैकीं कांहीं आज ऐकूं येतात, याचें श्रेयहि घरच्या यंत्रावर हौसेखातर ते पकडणाऱ्या माणसांकडे जातें. वाद्यें जमविणें आणि नाद टिपून ठेवणें हे दोन छंद दिसावयास वेगळे, परंतु एक दुसऱ्यावांचून अपुरा आहे. या दोहोंचा इतिहास जोडीनें पाहिला म्हणजे हौसेची थोरवी कळते आणि तिची जबाबदारीहि कळते.

इंग्लंडांतील एसेक्स परगण्यांत हॅटफील्ड ब्रॉड ओक नांवाचें एक खेडें आहे. १८९१ ते १९१५ या काळांत फ्रॅन्सिस गॅल्पिन हे तेथील धर्मोपदेशक होते. त्यांचा जन्म १८५८ सालचा. शिक्षण केंब्रिज येथें झालेलें. संगीत हा त्यांचा पेशा नव्हे. परंतु जुन्या वाद्यांचें त्यांना विलक्षण वेड होतें. त्या वेडाला एक कारण होतें. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत इंग्लंडांतील खेडोपाडींच्या चर्चमध्यें गांवकऱ्यांचा स्वतःचा वाद्यमेळ असे. गांवांतले कारागीर आणि शेतकरी रविवारीं आपापलीं वाद्यें घेऊन येत आणि उपासनेच्या पदांना साथ करीत. पुढें ऑर्गन आणि हार्मोनियम आले. एकटा माणूस सर्व साथ करूं लागला, तेव्हां हे मेळ एकामागून एक बंद पडले आणि त्यांचीं वाद्यें अडगळींत गेलीं. त्यांत ‘सर्पेंट’ नांवाचें वाद्य होतें. सापासारखीं वळणें घेतलेली ही लांब लाकडी नळी चामड्यानें मढविलेली असे आणि तुतारीप्रमाणें ओठांनीं फुंकून वाजविली जाई. अशा वाद्यांना तेव्हां बाजारांत किंमत नव्हती आणि विद्वानांतहि फारशी प्रतिष्ठा नव्हती.

गॅल्पिन यांनीं तीं जमविलीं. नुसतीं जमविलीं नाहींत. दुरुस्त केलीं, वाजवून पाहिलीं, आणि तीं वाजविणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी उतरून घेतल्या. इंग्लंडांतील जुन्या वाद्यांवरील त्यांचा ग्रंथ १९१० सालीं प्रसिद्ध झाला. एका खेड्यांतील धर्मोपदेशकानें लिहिलेला हा ग्रंथ त्या विषयांत पुढें प्रमाण मानला गेला. पहिल्या महायुद्धाच्या काळांत त्यांच्या संग्रहांतील पांचशेंहून अधिक वाद्यें अमेरिकेंतील बोस्टन येथील विल्यम लिंडसे यांनीं विकत घेतलीं. लिंडसे यांची नवविवाहित कन्या १९१५ सालीं ‘लुसिटानिया’ ही आगबोट जर्मन पाणबुडीनें बुडविली तेव्हां पतीसह मृत्यु पावली होती. तिच्या स्मरणार्थ हीं वाद्यें १९१७ सालीं बोस्टनच्या ललितकला संग्रहालयाला अर्पण करण्यांत आलीं. एका बापाच्या शोकामुळें एका हौशी माणसाचें संचित एकत्र राहिलें. तीं वाद्यें लिलावांत सुटीं सुटीं विकलीं गेलीं असतीं, तर गॅल्पिन यांच्या अभ्यासाचा धागाच तुटला असता. १९४५ सालीं गॅल्पिन वारले. दुसऱ्याच वर्षीं त्यांच्या नांवानें वाद्यांच्या इतिहासाला वाहिलेली एक संस्था स्थापन झाली, आणि तिचें नियतकालिक १९४८ पासून निघूं लागलें.

गॅल्पिन यांच्या आधीं एक पिढी आपल्या देशांतहि असा एक गृहस्थ होऊन गेला. कलकत्त्याच्या पाथुरियाघाटा येथील ठाकूर घराण्यांतले शौरींद्रमोहन ठाकूर यांचा जन्म १८४० सालचा. घरची मोठी जमीनदारी. म्हणजे संगीतावर पोट भरण्याची गरज मुळींच नव्हती. त्यांनीं सतारीचें रीतसर शिक्षण घेतलें, १८७१ सालीं संगीताची शाळा काढली, आणि १८७५ सालीं वाद्यांची माहिती देणारा ‘यंत्रकोश’ हा बंगाली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनीं युरोप-अमेरिकेंतील अनेक राजांना आणि संस्थांना भारतीय वाद्यांचे संच भेट म्हणून पाठविले. त्यांतला एक संच, सुमारें शंभर वाद्यांचा, १८७६ सालीं बेल्जमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्याकडे गेला. पुढल्याच वर्षीं ब्रुसेल्सच्या संगीतविद्यालयांत जें वाद्यसंग्रहालय निघालें, त्याच्या आरंभींच्या भांडवलांत हीं भारतीय वाद्यें होतीं.

त्या संग्रहालयाचे पहिले व्यवस्थापक व्हिक्टर माहियों हे वाद्यें बनविणाऱ्या घराण्यांतले. देशोदेशींचीं वाद्यें समोर मांडल्यावर त्यांची वर्गवारी कशी करावी, हा त्यांच्यापुढें प्रश्न होता. १८८० सालच्या सूचींत त्यांनीं सर्व वाद्यें चार वर्गांत बसविलीं. तार कंप पावते तीं, हवेचा स्तंभ कंप पावतो तीं, ताणलेलें कातडें कंप पावतें तीं, आणि वाद्याचा घन देहच कंप पावतो तीं. भरताच्या नाट्यशास्त्रांतील तत, सुषिर, अवनद्ध आणि घन या चार भेदांशीं या विभागणीचें साम्य कोणाच्याहि ध्यानांत येईल. १९१४ सालीं हॉर्नबोस्टेल आणि झाक्स या दोन पंडितांनीं माहियों यांच्याच पायावर जी पद्धति उभारली, तीच आज जगभर संग्रहालयांत चालते. सतार शिकलेल्या एका जमीनदाराची भेट एका नव्या शास्त्राच्या बाळपणीं अशी उपयोगी पडली.

परंतु वाद्यांच्या संग्रहाला एक मर्यादा आहे आणि ती मोठी आहे. कांचेच्या कपाटांत ठेवलेलें वाद्य हें वाद्याचा देह असतें. सांध्यांवर ताण पडून लांकूड वांकूं नये म्हणून त्याच्या तारा बहुधा सैल ठेवतात. म्हणजे देह टिकावा म्हणून त्याला मुका करावें लागतें. तंबोऱ्याचेंच उदाहरण घ्यावें. तंबोऱ्याचा गुंजारव भोपळ्याइतकाच त्याच्या घोडीवर अवलंबून असतो. घोडीचा माथा किंचित् उतरता घासलेला असतो आणि तार जेथें त्यावर टेकते तेथें सुताचा बारीक धागा सरकवून जवारी लावतात. तार कंप पावतांना त्या माथ्याला पुन्हां पुन्हां निसटता स्पर्श करते, आणि त्यांतून वरचे स्वयंभू स्वर फुलतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९२१ सालीं या विषयावर निबंध लिहिला. तार छेडण्याच्या जागेवरून ज्या स्वयंभू स्वरांचा अभाव युरोपीय वाद्यांत ठरलेला असतो, ते तंबोऱ्यांत आणि वीणेंत स्पष्ट ऐकूं येतात, हें त्यांनीं त्यांत दाखविलें. आतां हा धागा केसभर पुढें कीं मागें, हें कपाटांत पाहून कळत नाहीं. तें मिरजेच्या कारागिराच्या कानाला कळतें. मिरजेची सतार आणि तंबोरा यांना २०२४ सालीं भौगोलिक निर्देशांक मिळाला. तो जितका लांकडाचा आणि भोपळ्याचा मान आहे, तितकाच या कानाचा आहे. तेव्हां वाद्य जपणारानें त्याचा नादहि जपला पाहिजे. तो जपण्याची सोय मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जगांत कोठेंच नव्हती.

ती सोय एडिसन यांच्या यंत्रानें झाली. १८७७ सालीं त्यांनीं कथलाच्या पत्र्यावर आवाज उमटविला. तो पत्रा दोन-चार वेळां वाजविला कीं निकामी होई. त्यानंतर दहा-बारा वर्षांत मेणाचीं नळकांडीं आलीं, आणि १८९६ सालीं एडिसन यांच्या कंपनीनें किल्लीवर चालणारें, घरगुती वापराचें यंत्र विक्रीस काढलें. त्याचें नांवच ‘होम फोनोग्राफ’ होतें. त्याची रचना साधी होती. कर्ण्यांत गाइलें म्हणजे त्याच्या टोंकाचा पातळ पडदा हालतो. पडद्याला जोडलेली सुई फिरत्या मेणावर त्या हालचालीची चर कोरते. पुढें दुसरी सुई त्याच चरींतून चालविली कीं पडदा पुन्हां तसाच हालतो आणि कर्ण्यांतून तेंच गाणें बाहेर येतें. एका नळकांड्यावर सुमारें दोन मिनिटें मावत. या यंत्राचें खरें महत्त्व असें कीं, ऐकविणें आणि टिपणें हीं दोन्ही कामें तेंच करी. लेकराचे बोल, आजोबांचें भजन, शेजाऱ्याची सारंगी, यांपैकीं कांहींहि घरच्या खोलींत बसून पकडतां येई.

या सोयींतच नाशाचें बीजहि होतें. मेणाचा वरचा थर तासून काढला कीं तेंच नळकांडें नव्या गाण्यासाठीं मोकळें होई. काटकसरी माणसें तसें करीत. जें तासलें गेलें नाहीं त्यावर दमट हवेंत बुरशी चढे, आणि जें फार आवडे तें वाजवून वाजवून झिजे. घराघरांतून टिपलेल्या त्या आवाजांपैकीं फारच थोडे उरले, याचीं कारणें हीं होत.

जे उरले त्यांत न्यूयॉर्कच्या लायोनेल मेपलसन यांचीं नळकांडीं सर्वांत प्रसिद्ध आहेत. मेपलसन हे तेथील मेट्रोपॉलिटन ऑपेरा या संगीत-नाटकगृहाचे ग्रंथपाल; गायकांच्या आणि वादकांच्या स्वरलिपींचीं बाडें सांभाळणें हें त्यांचें काम. स्वतः ते व्हायोलिन वाजवीत. १९०० सालच्या मार्च महिन्यांत त्यांनीं एडिसनचें घरगुती यंत्र विकत घेतलें आणि त्यांना त्याचा जणूं ध्यासच लागला. पुढल्या वर्षीं तें यंत्र त्यांनीं नाटकगृहांत नेलें. प्रथम रंगभूमीच्या पुढील बाजूस, गायकांना शब्द सुचविणारा ज्या लहानशा कोनाड्यांत बसतो तेथें, आणि नंतर रंगभूमीच्या वर, पडदे ओढण्यासाठीं बांधलेल्या अरुंद मार्गावर, मोठा कर्णा लावून त्यांनीं चालू प्रयोगांतले तुकडे टिपले. १९०३ पर्यंत हा उद्योग चालला. खालून वर जाणारा आवाज, मध्येंच मिळणाऱ्या टाळ्या, वाद्यवृंदाचा गलबला, आणि मेणाची खरखर, अशा गोंधळांतून ते स्वर ऐकावे लागतात.

तरीहि त्यांची किंमत करतां येत नाहीं. झां द रेश्के हा त्या पिढीचा अग्रगण्य पुरुष-गायक; त्याच्या आवाजाची एकहि तबकडी बाजारांत कधीं आली नाहीं. त्याच्या कीर्तीबद्दल जें लिहिलें गेलें त्याचा ताळा पाहण्यास मेपलसन यांच्या नळकांड्यांवरील अस्पष्ट तुकड्यांखेरीज दुसरें साधन नाहीं. शिवाय कंपन्यांच्या त्या काळच्या तबकड्यांत गायक बंद खोलींत कर्ण्यासमोर उभा राहून, घड्याळाकडे नजर ठेवून गातो. मेपलसन यांच्या नळकांड्यांत तो भरलेल्या नाटकगृहापुढें गातो. हा फरक मोठा आहे. मेपलसन स्वतः तीं नळकांडीं आप्तमित्रांना वारंवार ऐकवीत, त्यामुळें कांहीं फार झिजलीं. १९३७ सालीं ते वारले. पुढें संग्राहकांनीं त्यांच्या प्रति उतरविल्या, नळकांडीं न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे आलीं, आणि १९८५ सालीं त्यांतील स्वर तबकड्यांच्या संचाच्या रूपानें सर्वांना खुले झाले. एका ग्रंथपालाच्या घरगुती खेळण्यानें असें एका युगाचें कान होण्याचें काम केलें.

याच सुमारास तबकडी पुढें आली आणि चित्र पालटलें. तबकडीच्या एका साच्यावरून हजारों प्रति छापतां येत. नळकांड्याच्या बाबतींत ही सोय तेव्हां दुबळी होती. धंद्याच्या दृष्टीनें तबकडी जिंकली यांत नवल नाहीं. परंतु तबकडीच्या यंत्रानें घरीं फक्त ऐकतां येई, टिपतां येत नसे. घर हें आतां केवळ ऐकण्याचें ठिकाण झालें; कोणाचा आवाज राहावा आणि कोणाचा जावा, हें कंपनीचा प्रतिनिधि ठरवूं लागला. हिंदुस्थानांत १९०२ सालच्या नोव्हेंबरांत फ्रेड गाइस्बर्ग यांनीं कलकत्त्यास पहिलें मोठें ध्वनिमुद्रण केलें. गौहरजान त्यांतूनच घरोघर पोंचल्या. १९०८ सालीं कलकत्त्यासच तबकड्या छापण्याचा कारखाना निघाला. या उद्योगाचे आपणांवर उपकार आहेत. परंतु तीन-साडेतीन मिनिटांत राग बसविण्याची सक्ति, आणि खांसाहेबांना कर्ण्यापुढें गाण्याचा वाटणारा संकोच, या दोहोंमुळें पुष्कळ कांहीं सुटून गेलें. तंबोऱ्याचा मंद झंकार तर त्या कर्ण्यांत नीट उतरतच नसे. १९२५ सालीं विद्युत्-ध्वनिमुद्रण सुरू झाल्यावर ही अडचण पुष्कळ कमी झाली.

महाराष्ट्राच्या दृष्टीनें यांतील हानि नांवानें सांगतां येते. भास्करबुवा बखले १९२२ सालीं गेले. अल्लादियाखां १९४६ सालीं मुंबईस पैगंबरवासी झाले. पहिल्यांच्या गायकीनें नाट्यसंगीताचें रूप घडविलें. दुसऱ्यांच्या गायकीनें एक घराणें उभें केलें. या दोघांचीहि तबकडी निघाली नाहीं. एखाद्या शिष्याच्या किंवा चाहत्याच्या घरीं मेणाचें यंत्र असतें, आणि एखादा तुकडा जरी टिपला गेला असता, तर खरखरीसकट तो आज सोन्यासारखा जपला गेला असता. आतां शिष्यांच्या गळ्यांतून गुरूचा अंदाज करणें एवढेंच हातीं आहे. अल्लादियाखांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ सालीं ‘व्हॉयेजर’ या अंतराळयानांतून पृथ्वीबाहेर गेली. शिष्येचा स्वर ताऱ्यांच्या वाटेला लागला, आणि गुरूचा स्वर पृथ्वीवरहि उरला नाहीं.

यंत्र नसतां हौशी माणसानें काय करावें, याचें उत्तर विष्णु नारायण भातखंडे यांनीं दिलें. ते पेशानें वकील. पारशी गृहस्थांनीं १८७० सालीं मुंबईंत स्थापलेल्या ‘गायन उत्तेजक मंडळी’ या हौशी संस्थेंत त्यांचा संगीताचा अभ्यास वाढला. पुढें गांवोगांव हिंडून, खांसाहेबांची मनधरणी करून, त्यांनीं घराण्यांच्या चिजा मिळविल्या आणि स्वरलिपींत उतरविल्या. ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत अशा १,५००हून अधिक चिजा आहेत. हें कागदावरचें ध्वनिमुद्रणच होय. त्यांत आवाजाचा पोत नाहीं, मींड कशी घेतली तें पुरतें कळत नाहीं. परंतु चीज मेली नाहीं. साधन अपुरें असलें तरी नियमानें केलेलें टिपण किती दूर जातें, याचा हा दाखला आहे.

टिपण्याची सत्ता घराला पुन्हां मिळाली ती चुंबकीय फितीमुळें. १९३५ सालीं बर्लिनच्या प्रदर्शनांत जर्मनांनीं फितीचें यंत्र मांडलें. दुसऱ्या महायुद्धानंतर तें जगभर पसरलें, आणि १९६३ सालीं फिलिप्स कंपनीनें लहानशी कॅसेट काढल्यावर तें सामान्य माणसाच्याहि आवांक्यांत आलें. आपल्याकडे ज्यांच्यापाशीं मोठ्या चकत्यांचें फितीचें यंत्र असे अशा रसिकांच्या दिवाणखान्यांतून मैफली टिपल्या गेल्या. तीन मिनिटांचा बांध फुटला. विलंबित ख्यालाची पूर्ण बढत, मध्येंच मागून घेतलेलें पाणी, जोडरागाची चर्चा, जाणकारांची दाद, हें सारें फितीवर उतरलें. आज जुन्या मैफलींतलें जें गाणें नव्या पिढीला ऐकावयास मिळतें, त्याचा मोठा भाग या हौशी यंत्रवाल्यांच्या कपाटांतून बाहेर आलेला आहे.

येथें एका गोष्टीचा विचार केल्याविना पुढें जातां येत नाहीं. आवाज हा गाणाऱ्याचा आहे. पुष्कळ कलावंत ध्वनिमुद्रणाला नकार देत, तो केवळ हट्टानें नव्हे. आयुष्यभर कष्टून मिळविलेली अनवट चीज यंत्रांतून परक्याच्या हातीं जाईल, किंवा प्रकृति बरी नसतां झालेली एखादी मैफल कायमची कपाळीं लागेल, ही त्यांची भीति खरी होती. लपवून लावलेल्या यंत्रानें गाणें वांचलें असेल, परंतु विश्वास गेला. ज्यांनीं परवानगी मागून टिपलें, गवयानें ‘हें नको’ म्हणतांच यंत्र बंद केलें, आणि फितीचा बाजार मांडला नाहीं, त्यांच्या संग्रहाला नैतिक अधिष्ठान आहे. हौसेची शुद्धता यावरूनच ओळखावी.

दुसरी गोष्ट संग्रहाच्या भवितव्याची. पुण्यांत दिनकर गंगाधर केळकर यांनीं चष्म्यांचें दुकान आणि ‘अज्ञातवासी’ या नांवानें केलेली कविता यांच्या जोडीला उभ्या आयुष्यभर जुन्या वस्तु जमविल्या. अडकित्ते, दिवे, दरवाजे, दौती, आणि त्यांतच वाद्येंहि. अल्पवयांत गेलेल्या मुलाचें नांव त्यांनीं संग्रहालयाला दिलें, आणि सारें संचित महाराष्ट्र शासनाकडे सोपविलें. बोस्टनमध्यें एका लेकीच्या स्मृतीनें जें झालें, तेंच पुण्यांत एका लेकाच्या स्मृतीनें झालें. केळकर संग्रहालयांत वाद्यांचें दालन पाहणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवावें कीं, संग्रह करणाराच्या हयातींतच तो सार्वजनिक झाला म्हणून तो एकत्र राहिला. ज्यांनीं ही तजवीज केली नाहीं त्यांच्या पश्चात् तंबोरा जुन्या बाजारांत जातो, सतार दिवाणखान्याच्या भिंतीवर शोभेला टांगली जाते, आणि फितींचीं खोकीं रद्दीबरोबर निघतात. यांत वारसांचा दोष थोडा. कोणत्या फितीवर काय आहे हेंच कोणीं लिहून ठेवलेलें नसतें.

आज टिपण्याचें साधन इतकें स्वस्त झालें आहे कीं प्रत्येकाच्या खिशांतल्या दूरध्वनींत तें आहे. घरच्या एका खोलींत संगणक, एक चांगला मायक्रोफोन, आणि चार वाद्यें ठेवून हौशी वादक पूर्वीच्या कंपनीला हेवा वाटेल असें ध्वनिमुद्रण करूं शकतो. तेव्हां आतां उणीव यंत्राची नाहीं; उणीव आहे ती सांभाळण्याच्या शिस्तीची. मेण झिजत असे, तासलें जाई. आजचा आवाज बोटाच्या एका स्पर्शानें पुसला जातो, आणि यंत्र बिघडलें कीं एका क्षणांत हजारों तास नाहींसे होतात. जुन्या फितींचें दुखणें तर निकडीचें आहे. पावसाळ्याच्या दमट हवेंत त्यांना बुरशी लागते. कांहीं फितींवरचा लेप ओल शोषून चिकट होतो, आणि अशी फीत घाईनें वाजविली तर लेपच सुटून येतो. असा ठेवा ज्यांच्या घरीं असेल त्यांनीं तो आधीं जाणकाराला दाखवावा, मग वाजवावा. मुंबईचें राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्र, दिल्लीची संगीत नाटक अकादमी, गुरुग्राम येथील अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेचें १९८२ सालीं निघालेलें ध्वनिसंग्रह-केंद्र, यांच्यासारख्या ठिकाणीं हें काम शास्त्रशुद्ध रीतीनें कसें करावें याचा अनुभव आहे.

संग्राहकाचें स्वतःचें काम मात्र त्याहून साधें आहे. प्रत्येक वाद्यासोबत तें कोणीं बनविलें, कोणाकडून आलें, कोण वाजवीत असे आणि कोणत्या स्वरांत मिळवीत असे, हें एका वहींत लिहावें. वाद्याची जवारी जोपर्यंत जमलेली आहे तोपर्यंत त्याचा नाद टिपून ठेवावा. प्रत्येक ध्वनिमुद्रणावर दिवस, स्थळ, गायक, साथीदार आणि राग यांचीं नांवें घालावीं, आणि त्याची दुसरी प्रत दुसऱ्या घरीं ठेवावी. आणि हें सारें आपल्या पश्चात् कोणाकडे जावयाचें, तें हातपाय चालत आहेत तोंवरच ठरवून टाकावें. गॅल्पिन यांची वही, मेपलसन यांचें यंत्र, भातखंडे यांची चिकाटी आणि केळकर यांचें औदार्य हे चार गुण एका घरीं नांदले, तर त्या घरचा हौशी माणूस पुढल्या पिढीचा मोठा उपकारकर्ता ठरेल. हौसेला मोल नसतें असें म्हणतात, तें या अर्थानें खरें आहे. तिच्यासाठीं खर्चिलेल्या पैशांचा हिशेब ती करणाऱ्याबरोबर संपतो, पण तिनें राखलेला नाद पुढल्यांच्या कानीं पडत राहतो.